ब्रेक दाबला की हॉर्न

झांबेझी नदीवरच्या तराफ्याची वाट पाहत नर्स इनोंगे लसींची पेटी मांडीवर घेऊन बसली होती. पलीकडे लिकांडोच्या नव्या कोऱ्या गाडीतून जायचं ठरलं होतं. तो मात्र मागच्या जुनाट जीपभोवती फिरून तिच्या म्हाताऱ्या मालकाला, मुबितांना, छेडत होता.

"बाबा, छपरावर पेट्रोलचा कॅन कशाला?"

"पंप मेलाय. वरून नळी सोडली, पेट्रोल आपसूक उतरतं."

"आणि चाकावरच्या कमानीत हे लाकूड?"

"पाटा तुटला, म्हणून मोपानेच्या टणक लाकडाची फळी तासून बसवली. तीन पावसाळे झाले, कुरकुर नाही."

"कुठल्या गॅरेजात केलंत?"

"घरच्याच. मी पाना धरतो, बायको शिव्या देते."

"मघाशी उतारावर हॉर्न का बोंबलत होता?"

"ब्रेकच्या दिव्याची वायर चुकून हॉर्नला जोडली गेली. ब्रेक दाबला की वाजतो."

"मग नीट करा की!"

"केली होती. गावातल्या बायका भांडायला आल्या. उतारावरून हॉर्न ऐकला की त्या अडलेल्या बाईला उचलून रस्त्यावर आणतात, मी दवाखान्यात पोचवतो. परत होती तशी जोडून दिली."

तराफा काठाला लागला. इनोंगे उठली आणि पेटी घेऊन जीपकडे वळली.

"अहो सिस्टर, माझी गाडी इकडे आहे!"

"दिसतेय. बाबा, पुढे जागा आहे ना?"

"बस, पोरी."

लिकांडोनं पलीकडच्या वाळूकडे पाहिलं.

"बाबा, मी रुतलो तर?"

"ब्रेक दाबत येईन. ऐकू येईल तुला."