कडेचा माणूस

सन्माननीय अध्यक्षसाहेब, व्यासपीठावरचे ज्येष्ठ छायाचित्रकार, आपल्या संघाचे सचिव, आजचे सत्कारमूर्ती म्हणजे आपले भिंतकाका, आग्रह करकरूनही खाली प्रेक्षकांतच बसलेल्या काकू, समोर जमलेले सगळे फोटोवाले, त्यांचे घरचे, आणि पहिल्या रांगेत टोकाच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घट्ट धरून बसलेली माझी आई,

आपणा सर्वांना माझा नमस्कार.

हा माइक जरा खाली करता का कुणी? हं. आता ठीक आहे. उंच माणसांनंतर मला बोलायला उभं केलं की असं होतं.

सचिवांनी मला सांगितलंय की थोडक्यात बोला, चहा निवतोय. मी फोटो छापणारी बाई. दिवसभर मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे थोडक्यात हा शब्द माझ्या वाट्याला फारसा आलेला नाही. पण प्रयत्न करते. माझ्याकडे काम सोपवलंय ते या बाजूला कापडाखाली झाकलेल्या फोटोचं अनावरण करण्याचं. संघाच्या वतीनं काकांना त्यांच्याच गाजलेल्या फोटोची मोठी फ्रेम भेट द्यायची, आणि तशीच एक आपल्या सभागृहात लावायची, असं ठरलं. छान ठरलं. त्या फोटोबद्दल मात्र दोन शब्द आधी बोलायला हवेत.

काकांना भिंतकाका का म्हणतात हे नव्या मंडळींना ठाऊक नसेल. काका काम करायचे घरांच्या, कचेऱ्यांच्या, कारखान्यांच्या आतल्या फोटोंचं. खोलीत शिरले की पहिल्यांदा कोपरा शोधायचे आणि तिथं भिंतीला पाठ लावून असे चिकटायचे की रंग ओला असेल तर सदऱ्याला लागलाच म्हणून समजा. काकूंना विचारा, किती सदरे बाद झाले ते. त्यांच्याकडे एक लेन्स होती, तिला ते डबी म्हणायचे. एवढीशी, चपटी, खिशात मावेल अशी. तिला झूम नाही. पुढं-मागं व्हायचं असेल तर माणसानंच व्हायचं. पण तिची नजर इतकी रुंद, की कोपऱ्यात उभं राहिलात तर दोन्हीकडच्या भिंती, छत, फरशी, सगळं एका फोटोत. मोरीएवढ्या खोलीत मोठी लेन्स घेऊन गेलात तर कॅमेऱ्याला आणि तुम्हाला, दोघांना एकदम जागा मिळत नाही. डबी मात्र मावायची.

काका शिकवायचे, "कॅमेरा सरळ धर. जरा वाकलास की भिंती दारुड्यासारख्या कलंडतात." आणि दुसरं शिकवायचे, जे आज मला सांगायचंय. "कडेला माणूस ठेवायचा नाही. ही डबी कडेच्या माणसाला ताणते. कुणाचं तोंड भोपळ्याएवढं होतं, कुणाचा दंड पैलवानासारखा. आला कडेला, तर काप." आपल्या धंद्यातला हा साधा नियम. इथं बसलेल्या प्रत्येकानं पाळलेला. कापताना कधी कुणाचा हात अडखळला का हो? अडखळायचं कारणच काय?

आता तो फोटो. पत्रिकेत नाव छापलंय, 'प्रकाश आणि पोलाद'. एका मोठ्या धुलाई कंपनीच्या तळघरातली बॉयलरची खोली. कंपनीला माहितीपत्रकासाठी फोटो हवे होते, काका गेले. दाराजवळच्या कोपऱ्यात भिंतीला पाठ, कॅमेरा पोटाशी, आणि डबी. फोटो असा आला की ती कोंदट खोली नाचघरासारखी दिसावी. आणि बॉयलरच्या मागून एक उजेड येतो, पोलादावरून सांडत. आपल्या स्पर्धेत या फोटोला पहिलं बक्षीस मिळालं तेव्हा परीक्षक म्हणाले होते, या उजेडाचं रहस्य काय ते छायाचित्रकारालाच ठाऊक.

रहस्य कसलं आलंय? बॉयलरच्या मागं माझा धाकटा भाऊ दिवा धरून उभा होता.

त्याला सगळे काडी म्हणायचे. हडकुळा. आई जन्मभर त्याच्या ताटात वाढत राहिली आणि तो जन्मभर तसाच राहिला. तो त्या कंपनीत फिटर होता. बॉयलर आणि मागची भिंत यांच्यातली फट अशी, की तिथली वाफेची चावी फिरवायची असली की हाक यायची, "काडीला बोलवा." दुसरं कुणी मावायचंच नाही. हा अंग चोरून, श्वास सोडून सरकत जायचा. तर काका म्हणाले, मागं फार अंधार पडतोय रे. हा म्हणाला, मी धरतो दिवा. आणि शिरला.

फोटो माझ्याच दुकानात छापायला आला. काडी संध्याकाळी डबा द्यायला आला होता, त्यानं बघितला आणि म्हणाला, "ताई, यात मी होतो. कुठं गेलो?"

मी म्हटलं, "कडेला असशील. कापला असेल काकांनी."

"अगं पण त्यांनी कॅमेऱ्यात दाखवला होता ना मला! काय जाड दिसत होतो! पहिल्यांदा आयुष्यात. आईला दाखवायचा होता." आणि जो हसत सुटला... असो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तो त्याच फटीत असताना वाफेचा पाइप फुटला.

त्याबद्दल मी इथं काही सांगणार नाही. चहाआधी सांगण्यासारखं ते नाही, आणि समोर आई आहे.

कंपनीनं काय सांगितलं ते मात्र सांगते. त्यांनी सांगितलं, हा मुलगा बॉयलरच्या मागं उबेला झोपला होता. पाइप फुटायच्या आधी बराच वेळ शिट्टीसारखा आवाज येत होता, जागा असता तर सहज चालत बाहेर आला असता. चौकशीचा माणूस यायच्या आत बॉयलर भंगारात गेलेला, खोली धुऊनपुसून मोकळी. मग मोजायचं काय? तर त्यांनी माहितीपत्रक पुढं केलं. हा बघा फोटो. इथं नाच करता येईल, साहेब.

खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे, हे आपण लहानपणापासून ऐकतो. हे दात दाखवायचेच होते, आणि माझ्या भावाला त्यांनीच खाल्लं.

मी काकांकडे गेले. म्हटलं, "काका, पूर्ण फोटो आहे का? न कापलेला?" ते उठले, संगणक लावला आणि शोधला. बघितला आणि खुर्चीत बसले. कडेला काडी होता. छाती पोलादाला, पाठ भिंतीला, मान वळवलेली, एका हातात दिवा. ताणलेला, फुगलेला. अहो, पण तो फुगला तशी फटही फुगली होती! आणि तरीही त्याच्या नि भिंतीच्या मध्ये कागद सरकवायलाही जागा नव्हती.

तुम्ही म्हणाल, मग प्रश्नच मिटला. काका आमच्या घरी आले, म्हणाले, तुझ्या आईला विचारल्याशिवाय मी तो फोटो कुणाला देणार नाही. आईनं चहा दिला. काका विषय काढणार, तेवढ्यात आईच म्हणाली, "एका गोष्टीचं बरं वाटतं हो. झोपेत गेला. काही कळलं नसेल त्याला."

काकांनी कप खाली ठेवला. उठून बाहेर आले. मी मागोमाग जिन्यात. म्हणाले, "पोरी, आता काय करू? दिला तर पोराचं नाव राहतं. पण ही बाई एवढ्याच एका गोष्टीवर झोपते गं."

काय उत्तर द्यायचं यावर? तुमच्यापैकी कुणाला सुचतंय का? पण कामचुकार म्हणून, झोपाळू म्हणून, स्वतःच्या मरणाला स्वतःच जबाबदार म्हणून माझ्या भावाचं नाव त्या कागदावर कायमचं राहणार होतं. जो माणूस दिवा धर म्हटल्यावर त्या फटीत शिरतो, तो! मी म्हटलं, "द्या, काका."

"नीट विचार कर."

"केला. द्या."

चौकशीत कंपनीच्या वकिलानं काकांना विचारलं, "हा फोटो तुमचाच ना?" म्हणाले, "माझाच." "जागा किती दिसते?" म्हणाले, "दिसते भरपूर." वकील खूश. मग काकांनी खिशातून डबी काढून टेबलावर ठेवली. "साहेब, ही लेन्स बघा. त्या खोलीत जागा असती तर मी ही लावलीच नसती. दुसरी लावून दोन पावलं मागं सरकलो असतो. मागं भिंत होती म्हणून ही लावली." आणि पूर्ण फोटो पुढं सरकवला. अधिकाऱ्यांनी तो जवळ ओढला. वकील म्हणाला, "माणूसच जाडजूड दिसतोय, जाड माणूस अडकणारच." तेव्हा मी काकांचा चढलेला आवाज पहिल्यांदा ऐकला. "त्याला काडी म्हणायचे! काडी! तो अडकला तिथं!"

अहवालातून झोपेचं वाक्य गेलं. जागा अपुरी होती, सुटकेला वाव नव्हता, असं आलं. मी तो घरी वाचून दाखवला. आईनं सगळा ऐकला आणि म्हणाली, "म्हणजे जागा होता."

मी अहवालाची घडी घातली.

"झोपेत गेला असता तर बरं झालं असतं गं."

त्यानंतर आई माझ्याशी कामापुरतं बोलायला लागली. काका एकदा भेटायला आले तर तिनं दार उघडलं नाही. मी आतून बघत होते, काका दारासमोर उभे राहिले, नमस्कार केल्यासारखे हात जोडले बंद दाराला, आणि गेले. मला तिचा राग आला नाही. कसा येणार? आम्ही दोघांनी मिळून तिच्या मुलाला जागं केलं होतं.

आणि काकांचं काय झालं? पत्रिकेत छापलंय, 'प्रकृतीच्या कारणास्तव व्यवसायातून निवृत्त'. हो, पाठ गेलीच आहे त्यांची. पण कामं त्याआधी गेली, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे. हॉटेलवाले, घरं विकणारे, कारखानेवाले म्हणायला लागले, हा बाबा स्वतःच्याच फोटोविरुद्ध साक्ष देतो, याला कोण बोलावणार? भिंतकाका शेवटी दुकानात बसून ओळखपत्रांचे फोटो काढत होते. संघानं तेव्हा ठराव केला होता की आपण मालक-कामगारांच्या भांडणात पडायचं नाही. अध्यक्षसाहेब, खाली बघू नका, मी टोमणा मारत नाहीये. म्हणजे, मारतेय थोडा. तुम्ही माझ्या दुकानाचे जुने गिऱ्हाईक, तुम्हाला नाही मारायचा तर कुणाला?

काकांनी मात्र त्यानंतर एकही फोटो कापला नाही. कड वाकडी आली तर वाकडी. गिऱ्हाईक कुरकुरलं तर म्हणायचे, "खोलीत होतं, म्हणून फोटोत आहे."

तर असं आहे. संघानं भेटीसाठी फोटो निवडला तो हाच, बक्षीस मिळालेला. तुमची चूक नाही. चौकशीत कंपनीनं हाच फोटो पुढं केला होता, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. छापायला तो माझ्याकडेच आला, आणखी कुठं जाणार? कापलेली फाइल, सोबत चिठ्ठी, "मोठ्या आकारात, नेहमीसारखा."

मी मशीनपाशी उभी होते. आई डबा घेऊन आली. डबा देऊन ती लगेच जाते, बसत नाही. त्या दिवशी थांबली. पडद्यावर बघून म्हणाली, "हीच का ती खोली?" म्हटलं, हो. "तो कुठंय?" म्हटलं, यात नाही, आई, कापलाय. पूर्ण फोटो आहे, पण तो तू बघू नकोस. ती लेन्स माणसाला ताणते. तो जाड दिसतो त्यात.

आई पडद्याकडे सरकली. मग म्हणाली, "जाड दिसतो?"

"हो."

"मग बघू दे की मला."

मी तेव्हा दाखवला नाही. माझा धीर झाला नाही. पण छापताना मी फाइल बदलली. तेव्हा संघाचे पदाधिकारी, या कापडाखाली तुम्ही सांगितलेला फोटो नाही. थोडा जास्त रुंद आहे, फ्रेमही त्यामुळे वाढली, वरचा भार माझा. काका, तुमच्या कामाचा मान ठेवायचा तर पूर्णच ठेवायला हवा, असं मला वाटलं. तुम्हाला विचारलं नाही. नाही म्हणाला असतात तर मी ऐकलं नसतं, मग विचारायचं कशाला?

आता आवरते. संघानं मला बोलायची संधी दिली त्याबद्दल आभारी आहे. काकू, सदऱ्यांबद्दल आणि बाकीच्याही सगळ्याबद्दल तुमचे आभार, तुम्ही काकांना एकदाही विचारलं नाहीत की कशाला गेलात तिथं. काका, तुमचे आभार कसे मानायचे ते मला येत नाही, तेव्हा नुसतं बघते तुमच्याकडे. बोलण्याच्या भरात कुणाला लागलं असेल, मानापानात काही राहिलं असेल, चहा खरंच निवला असेल, तर लहान समजून पोटात घाला. फोटो बदलल्याबद्दल मात्र माफी मागत नाही.

अनावरण माझ्या हस्ते आहे असं पत्रिकेत आहे. ते मी करणार नाही.

आई, ये. हळू, पायरी आहे. काका, तुम्ही बसा हो, पाठ दुखतेय तुमची... बरं, या, तुम्हीच धरा तिचा हात.

आई, उजवीकडच्या कडेला बघ. ओढ कापड.