आवळलेलं छत

मंडळी, खुर्च्या उन्हात मांडायला मीच सांगितलं. चटके बसत असतील. बसू देत. समोर सावली आहे, पण त्या छताखाली आज मी कुणालाही बसू देणार नाही.

आज आपण महेशच्या दुखवट्याला जमलो आहोत. थोडं बोलते.

महेश माझ्या कारखान्यात कापडी छतांचे आराखडे करायचा. मासळी निवडायच्या ओट्यांवरचं हे छत त्याचंच. मंगळवारी त्याच छताचा कोपरा सैल करायला तो शिडीवर चढला. छताच्या कडेची आवळलेली तार सुटली. अंगावर आली. महेश गेला.

सुनंदा, तू त्याची बायको; तुझ्यासमोर हे सांगते आहे, कारण ते सगळ्यांनी ऐकायला हवं.

या छताला दोन थर आहेत. वर जाड कापड, खाली जाळी. महेश संगणकावर प्रत्येक थराला वेगळा ताण द्यायचा. मग सोडून द्यायचा. थर हलत हलत कुठे स्थिरावतात ते बघत बसायचा. मी म्हणायची, "अरे, झालं ना? पाठव कापायला." तो म्हणायचा, "बाई, अजून निवांत नाही झालं ते."

ओढली की जाळी लांबते. कापड लांबत नाही. दोन्ही सारखी ओढली, तर सगळा भार एकट्या कापडावर आणि तारेवर. म्हणून त्यानं कापडाला थोडा सैल झोळ ठेवला. मोजून ठेवला.

आणि आपण काय म्हटलं? पारूमावशी, मासळी निवडता निवडता तुम्ही हसून म्हणालात, "म्हेशा, तुझ्या छताला पोट सुटलंय रं!" तो म्हणाला, "मावशी, सुटू दे. पोट हाय म्हनून तं जगंल."

तुमची चेष्टा होती. बाजाराच्या कमिटीची चेष्टा नव्हती. उद्घाटनाला पाहुणे येणार, फोटो निघणार, छत कसं ढोलासारखं ताठ दिसलं पाहिजे! माणसं बोलावली, चारही कोपरे आवळून घेतले. महेशला विचारलं? नाही. त्याला कळलं तेव्हा हार घालून झाले होते. दुसऱ्या सकाळी तो एकटाच शिडी घेऊन आला. का आला? तुम्ही इथे रोज बसता म्हणून आला.

एक कोपरा सुटला. तीन अजून तसेच आवळलेले आहेत. वारा सुटला की ऐका, तारा वाजतात.

कमिटीचे अध्यक्षसाहेब, मघाशी तुम्ही म्हणालात, "बाई, दुखवटा संपू द्या, मग बघू." नाही. उद्या बाया टोपल्या घेऊन येतील त्याआधी. तारेला खालून दोर बांधून, बाजूला उभं राहून, एकेक कोपरा हळूहळू सोडायचा. माझी माणसं येतील. तुमचीही हवीत. हो म्हणा. इथेच, सुनंदासमोर.

म्हणालात. सगळ्यांनी ऐकलं.

आता उभे राहू या. दोन मिनिटं शांत. पण मान खाली घालू नका. वर त्या छताकडे बघा.

महेश, उरलेले तीन कोपरे आम्ही सोडतो. तू आता निवांत हो.