दादा, अजून पाच मिनिटं

सरलाकाकू : नको म्हणालास तरी झाकून ठेवते. पिठलं-भात आहे. आज तुझ्या घरी गॅस पेटवायचा नाही.

ऋषी : थँक्स, काकू. पण बाबांना स्मशानात नेल्याशिवाय कसा खाऊ?

सरलाकाकू : खा असं कुठं म्हटलं? अजून नेलं नाही?

ऋषी : माझ्यासाठी थांबलेत. दादानं त्यांच्यासमोर कॉम्प्युटर ठेवलाय, कॅमेरा लावलाय. मी इकडून कनेक्ट झालो की मला दिसतील, फोनवर नुसता आवाज येतो. मग नेणार.

सरलाकाकू : मग हो की.

ऋषी : हे कार्ड चालत नाहीये. लॅपटॉपच्या कडेला खोचलंय ना, ते. नेट हवेतून पकडतं. सकाळी चालत होतं.

सरलाकाकू : मग बिघडलं कशानं?

ऋषी : मीच बिघडवलं. दादाचा फोन आल्यावर काही सुचेना. हात रिकामे ठेववेनात, म्हणून लॅपटॉपची सिस्टीम, लिनक्स, अपडेट करत बसलो. नवीन व्हर्जनला हे कार्डच ओळखता येत नाही. आणि जुनं मी डिलीट केलं.

सरलाकाकू : आई गेल्याची तार आली तेव्हा मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत होते. चालायचं. वायर लावून होत नाही का?

ऋषी : वायर शेजारी, विक्रमच्या घरात. नेट आम्ही शेअर करतो. तो ऑस्टिनला गेलाय, दाराला कुलूप. तुमच्याकडे अजून लागलं नाही, नाहीतर खालीच आलो असतो.

सरलाकाकू : शुक्रवारी येणार म्हणते माझी लेक, सुमेधा. अमेरिकेत, या अर्विंगात आल्यापासून शुक्रवारच ऐकतेय. तू तरी सगळ्यांसारखं साधं घ्यायचंस. हे लिनक्स का काय ते कशाला फुकटातलं?

ऋषी : फुकट म्हणून नाही, काकू. हे उघडं असतं. आपल्याला आत शिरून दुरुस्त करता येतं.

सरलाकाकू : मग कर की दुरुस्त.

ऋषी : थांबा, दादाचा फोन. स्पीकरवर टाकतो.

दादा (फोनवर) : झालं का रे?

ऋषी : दादा, अजून पाच मिनिटं. कार्ड चालवणारा प्रोग्राम, ड्रायव्हर, परत बिल्ड करतोय.

दादा : मघाशीही पाचच म्हणालास. बर्फ वितळतोय, ऋषी. ऊन वर आलं. आत्या रात्रीपासून जमिनीवर बसून आहे, पाण्याचा थेंब घेतला नाही.

ऋषी : फक्त पाच.

दादा : बरं. तुला दाखवल्याशिवाय नाही नेणार.

सरलाकाकू : मे महिन्यातलं नागपूर. माझी बहीण दिलीय तिकडे, मला ठाऊक आहे.

ऋषी : काकू, मला जाता येत नाही. व्हिसाचे पेपर अडकलेत, बाहेर पडलो तर परत येता येईल का, वकीलही सांगत नाही. एवढं तरी बघू दे मला.

सरलाकाकू : मी नको म्हटलं का? आईला माझ्यासाठी दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवलं होतं. मी पोचले, पाहिलं. आता आई म्हटलं की तोच चेहरा पुढे येतो. हसरी आठवायची तर डोळे मिटून बसावं लागतं.

ऋषी : परत एरर.

सरलाकाकू : बाबांना शेवटचं कुठं पाहिलंस?

ऋषी : एअरपोर्टवर. माझी ट्रॉली ढकलत भलतीकडेच निघाले होते. मी हाक मारली तर म्हणाले, "मी बरोबर आहे, दरवाजा चुकलाय."

सरलाकाकू : बाळा, फोन लाव. माणसं तहानलेली बसलीत तिकडे.

ऋषी : ...दादा. न्या बाबांना.

दादा : दिसलं तुला?

ऋषी : नाही. न्या तुम्ही.

दादा : नक्की? मागाहून म्हणशील...

ऋषी : नाही म्हणणार. माझ्या नावानं पाणी घाल त्यांच्या तोंडात.

दादा : घालतो. फोन चालू ठेव.

(फोनवर बराच वेळ माणसांचे आवाज. मग काही नाही.)

सरलाकाकू : नेलं. ऊठ, अंघोळ करून घे.

ऋषी : हो. काकू, एक मिनिट. कार्डाचा लाइट लागला.

सरलाकाकू : आत्ता?

ऋषी : दादानं तिकडचा कॅमेरा बंद केलेला नाही. खोली दिसतेय.

सरलाकाकू : कोण आहे तिथं?

ऋषी : आत्या एकटीच. फरशी ओली आहे. बाबांना ठेवलं होतं तिथं ती दिवा लावतेय.

सरलाकाकू : हाक मार तिला.

ऋषी : नको. ती बाबांशी बोलतेय.