सूर्यमाळच्या विहिरीतला सुस्कारा

हसू नका, पण खडकाला श्वास सोडताना मी ऐकलंय. मी तेलविहिरींवरचा भूवैज्ञानिक. वर घट्ट दगड आणि खाली सच्छिद्र थर असला, की त्यात तेल-वायू साठतो. तसे थर शोधणं हेच माझं काम.

उन्हाळ्यात सूर्यमाळला मित्राकडे गेलो होतो. पाड्यावर पाण्यासाठी विहीर खणत होते. काळा कातळ फोडल्यावर खाली तांबडा, भुसभुशीत थर लागला होता. आभाळ एकाएकी भरून आलं आणि विहिरीतून लांब सुस्कारा ऐकू आला. खाली जानू खणत होता.

"ओ, काय झाला?" त्याची बायको सोमी वाकून ओरडली. उत्तर नाही.

हवेचा दाब उतरला होता, आणि त्या थरात कोंडलेली, प्राणवायू नसलेली हवा बाहेर पडत होती. "दोर ओढा!" मी ओरडलो. कमरेला दोर होता, म्हणून जानू वाचला.

थोड्या वेळाने तो शुद्धीवर आला. "खाली कोन तरी हाका मारत होता," म्हणाला.

मी त्याला दगडातली छिद्रं, कोंडलेली हवा, सगळं समजावलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"हवाच असंल, साहेब," तो म्हणाला. "पन तिला माझा नाव कसा ठावा?"