अवघड जागेचं दुखणं

वकीलबाई : काका, ‘पायाला झालं’ म्हणजे नक्की कुठे?

बाबा : पायालाच. जरा वरच्या बाजूला.

मुलगी : मांडीला हो, मॅडम. शुगरची ती नवी गोळी सुरू केली आणि गळू झालं. एवढं चिघळलं की ऑपरेशन करावं लागलं. जखम नर्सकडूनच धुऊन घेतात, मला बघूही देत नाहीत. आता यांना धड बसवत नाही. ड्रायव्हिंग स्कूल बंद करून घरी पडून आहेत.

वकीलबाई : हॉस्पिटलचे कागद मी वाचलेत. मला काकांच्या तोंडून ऐकायचंय.

बाबा : वाचलेत ना, मग झालं. बाळ, तू जरा खाली जाऊन गाडी बघून ये. कुणाच्या वाटेत असेल.

मुलगी : गाडी मी लावली आणि मागेपुढे करून घेतली तुम्ही. जन्म गेला तुमचा लोकांना गाडी लावायला शिकवण्यात. ती वाटेत असेल होय?

बाबा : बरं, मग राहू दे.

वकीलबाई : काय काय करता येईल ते आधी सांगते. औषधाने त्रास झाला अशी सरकारदरबारी नोंद करता येते. त्यात पैसा नाही, पण पुढच्याचा जीव वाचू शकतो. कंपनीवर दावा करायचा, तर हा धोका खोक्यातल्या कागदावर छापलाय. मुंगीएवढ्या अक्षरात, पण छापलाय. कंपनी त्याच्याकडेच बोट दाखवणार. मग राहिले डॉक्टर. त्यांनी गोळी देताना धोका सांगितला का, आणि नंतर विचारपूस केली का?

मुलगी : काही सांगितलं नाही. दोन्ही वेळा मी तिथेच होते. मी यांना एकटं सोडतच नाही.

वकीलबाई : डॉक्टरांची बाजू मी मागवली होती. ते म्हणतात, दुसऱ्या भेटीत मी विचारलं, लघवीला जळजळ होते का, त्या जागी सूज, खाज आहे का. पेशंट म्हणाले, काही नाही.

मुलगी : मांडीच्या गळवात लघवी कुठून आली?

वकीलबाई : काका, विचारलं होतं त्यांनी?

बाबा : विचारलं होतं.

मुलगी : आणि तुम्हाला त्रास होत होता? तेव्हाच?

बाबा : होत होता. आधीपासून. गाडीत उशी घेऊन बसायचो. शिकायला येणाऱ्यांना सांगायचो, पाठ धरलीय. घरी कोमट पाण्यात बसायचो. तू दार वाजवलंस, तेव्हा म्हटलं पाय शेकतोय. मग पायच म्हणत राहिलो.

मुलगी : पण डॉक्टरांना का नाही सांगितलंत?

बाबा : तू शेजारी उभी होतीस. माझी पिशवी धरून.

(मुलगी आपली खुर्ची थोडी मागे सरकवते.)

बाबा : अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर म्हणतात ना, तसं झालं. जावयाच्या जागी लेक. तुझी आई असती तर तिच्या कानात सांगितलं असतं.

मुलगी : मला वाटत होतं, मी तुमची किती काळजी घेते. चारचौघांत मिरवायचे मी. आता कुठे तोंड लपवू?

बाबा : तू कशाला लपवतेस? लाज मला वाटली. त्या लाजेपायी निम्मं अंग कापून घेतलं मी.

वकीलबाई : दावा लंगडा होईल, पण संपत नाही. कशावर लक्ष ठेवायचं हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं असतं, तर तुम्ही घाबरून तरी बोलला असता. हे मी मांडू शकते. पण ‘नाही’ का म्हणालात, ते तुम्हालाच सांगावं लागेल. त्यांचा वकील खोदून खोदून विचारेल, आणि खोलीत अनोळखी माणसं असतील.

बाबा : गुपचूप मिटवता नाही येत? देतील ते घेईन.

वकीलबाई : येतं. पण कुठे बोलणार नाही, असं लिहून घेतील. ती गोळी आजही हजारो लोक घेतायत काका. त्यांच्याही शेजारी कोणीतरी उभं असेलच.

बाबा : तुम्ही मला पेचात टाकताय.

वकीलबाई : हो. टाकतेय.

मुलगी : साक्ष द्या बाबा. मी नाही येणार तिथे. आत्ताही बाहेर जाऊन बसते. मी असले की तुमच्या तोंडून शब्द फुटत नाही.

बाबा : बस खाली.

मुलगी : नको बाबा. तुम्ही मोकळेपणी सांगा मॅडमना.

बाबा : बस म्हटलं ना. परक्यांना सांगायचंच आहे, तर आधी तुला सांगतो. फक्त माझ्याकडे बघू नकोस.