आबांच्या तीन चुका

खांडबारा स्टेशनवर गाडी लेट होती. निवृत्त मास्तर फुलसिंग वसावे पेपर उघडून बसले होते, पण त्यांचं वाचन चाललं होतं शेजारच्या बाकाचं. तिथे आबा, आजी आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणारा नातू चेतन, तिघंही चेतनसाठी मुलगी पाहायला निघाले होते.

“आबा, आज तरी नावात घोळ घालू नका. मागच्या वेळी त्यातच सगळं मोडलं.”

“मन्ही चूक तुन्ही आजी सुधारी लेस.”

“बँकेच्या सर्व्हरची मेमरी तशीच असते. एक चूक झाली तर स्वतःच सुधारते. दोन झाल्या तर काहीतरी चुकलंय एवढंच कळतं.”

“आन तीन व्हयन्यात तर?”

“मग कधीकधी तिला सगळं बरोबरच वाटतं.”

“असं कसं व्हई? इचार माले.”

“सांगा, मुलगी कोण?”

“हर्षदा. नवापूरनी. नर्स शे.”

“आजी, बरोबर?”

“एकदम बरोबर. आज एक बी चूक नही.”

“आजी, ती मागची. आपल्याला नाही म्हणाली ती. आजची वैशाली, चिंचपाड्याची, शिक्षिका.”

“मंग काय व्हयनं? माले तर तीच आवडेल व्हती.”