दीड बोट उंच

—नाही हो भाऊ, ह्या दुकानवाल्या लियांग शेठची कुठली, माझीच गाडी ती. उंच दिसते ना? दिसणारच, कोंबडीला बगळ्याचे पाय लावल्यावर दुसरं काय दिसणार. मघापासून बघताय तिच्याकडे, म्हटलं आता विचारतील, मग विचारतील. विचारा की! बाईमाणसाला टायरचं काय विचारायचं, असं वाटलं असेल—असू दे, तीन वर्षांपूर्वी मलाही टायर म्हणजे काळा आणि गोल एवढंच ठाऊक होतं. बसा, इकडे सरका, बाकाचा तो कोपरा हलतो. तुमची ती पांढरी, नवीकोरी? आणि तिला मोठे टायर घालायचेत? का बरं, तुमच्याकडे पाणी येतं रस्त्यावर? सालातिगा—अहो, मग तर डोंगरच झाला, तिकडे कुठलं पाणी. हौस म्हणता. असू दे, हौसेला मोल नसतं. पण विचारलंत म्हणून सांगते, मोठा टायर नुसता मोठा नसतो, सोबत सतरा भानगडी घेऊन येतो. पूर्ण वळवलं की पुढचं चाक आतून घासतं—कर्रर्र, कर्रर्र—बाजारात माणसं वळून बघतात. शेठनं आतलं प्लास्टिक कापून दिलं, तरी घासतंच. मीटर खोटं बोलतं. म्हणजे कसं, चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्त रस्ता तुडवतं, आणि मीटर बिचारं अजून जुन्याच चाकाच्या हिशेबात—ते पंचावन्न दाखवतं तेव्हा आपण साठनं पळत असतो. चढाला दमते, पेट्रोल जास्त पिते, ब्रेक मारला की चार पावलं पुढे जाऊन थांबते. स्टेपनी जुन्याच मापाची, म्हणजे पंक्चर झाली की गाडी लंगडी. आणि एवढं सोसून मिळतं काय? टायर तीन बोटं उंच, पण गाडी उचलली जाते दीडच बोट. हो, दीड! मीही अशीच बघत राहिले होते शेठच्या तोंडाकडे. निम्मी उंची आसाच्या वर जाते ना, ती आपल्या काय कामाची? खालची निम्मी तेवढी आपली.

मग मी कशाला बसवले म्हणता. आमचं गाव तंबाकवारू. नाही ठाऊक? कुणाला ठाऊक असणार आता. नकाशात आहे, जमिनीवर फारसं उरलेलं नाही. देमाकच्या खाली, समुद्राच्या अंगाला. मी लग्न होऊन गेले तेव्हा भात होतं हो तिथे, खोटं वाटेल तुम्हाला. भाताची मासळीची तळी झाली, तळ्यांचा समुद्र झाला. आधी नुसती उधाणाला भरती रस्त्यावर यायची, मग रोज यायला लागली, मग आली ती जायचं विसरली. माणसं काय करणार? घरातली जमीन भर घालून वर घ्यायची. एकदा घेतली, दोनदा घेतली—छप्पर तेवढंच आणि जमीन वर, आमचे हे शेवटी शेवटी स्वतःच्या घरात कमरेत वाकून चालायचे. कस्मुरी नाव ह्यांचं. गावात गाडी एकच, आमची ही. सकाळी मासे बाजाराला न्यायचे आणि बाकी दिवसभर गावच्या अडल्यानडलेल्याला. कुणाचं पोर तापलं, कुणाची बाळंतीण अडली—कस्मुरीला हाक मारा. पाण्यातून गाडी काढण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता. सरळ जायचं, ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलायचा नाही, मधे गियर बदलायचा नाही. मला सांगायचे, अगं, पाण्यात माणूस घाबरला की गाडीला कळतं.

तर तीन वर्षांपूर्वी टायर झिजले. आलो इथेच. शेठ म्हणाला, किनाऱ्याकडची माणसं हल्ली मोठं माप घेतात, तुम्हीही घ्या. हे म्हणाले, नको, मूळचं आहे तेच घाला, पायापेक्षा वहाण मोठी कशाला. चुकीचं बोलले का? सांगा ना. मला तर शहाणपणाचंच वाटलं. त्यात हट्ट नव्हता, चिक्कूपणा नव्हता, गाडी जपणारा माणूस, त्याला वाटलं बनवणाऱ्यानं काही विचार करूनच माप ठरवलं असेल. झालं, मूळचं माप घातलं, घरी गेलो.

आणि पुढच्याच महिन्यात वेनिंगला कळा लागल्या. वेनिंग म्हणजे आमची मुलगी. एकुलती. पहिलं बाळंतपण, म्हणून माहेरी आलेली. नवरा तिकडे समुद्रापार कालिमांतानला खाणीवर. दिवस भरायचे होते अजून, आणि भर दुपारी कळा. पाऊस, वर भरती. ह्यांनी गाडी काढली. गावाच्या तोंडाशी पहाऱ्याची चौकी आहे, बांबूची, तिथे रस्ता सगळ्यात खोल. तिथवर छान आणली, आणि तिथे इंजिनापुढच्या पंख्याचं पातं पाण्याला लागलं. पातं लागलं की ते पाणी उडवतं इंजिनावर, आणि मग गाडी गप्प. हे किल्ली फिरवतायत, पुन्हा फिरवतायत. वेनिंगचं डोकं माझ्या मांडीवर. मला म्हणते, आई, बाबांना सांग ना, घाई नाही म्हणावं. त्याही वेळी त्यांचीच काळजी, बघा. माणसं धावली, होडी आणली, तिला उचलून होडीत घातलं—आणि होडीतच, अर्ध्या वाटेवर. बाळही आतच राहिलं. मुलगा होता की मुलगी, आम्ही विचारलं नाही. तिला परत गावातच आणलं, गावच्याच मातीत ठेवलं.

नाही, असू दे, पाणी नको मला, तुम्ही प्या. किती बोलते मी. टायरचं विचारलंत आणि मी कुठे निघाले. पण टायरचंच आहे हो हे, खरंच टायरचंच आहे. कारण त्यानंतर एकदा हे एकटे इथे आले आणि शेठला विचारलं, मोठं माप घातलं असतं तर गाडी किती वर उचलली असती? शेठ सरळ माणूस, त्याला काय माहीत ह्यांच्या मनात काय, तो म्हणाला, दीड बोट. झालं. त्या दिवसापासून गाडीला हात नाही लावला ह्यांनी. जेवायला बसले तर ताटाच्या काठाला बोटं लावून बघायचे. दाराच्या उंबऱ्याला लावायचे. एक आणि अर्धं. मी म्हणायची, अहो, समुद्र आहे तो, त्याला दीड बोटाचं काय. हे पुन्हा बोटं लावायचे. मग गाव सोडलं, देमाकला माझ्या बहिणीकडे मागची खोली घेतली, आणि कुणी तरी चालवायला हवी म्हणून मी शिकले गाडी, ह्या वयात. बहिणीचा नवरा खळ्यावर शिकवायचा. कोंबड्या पळायच्या, मी त्यांच्या मागे आणि तो माझ्या मागे. हसा, हसा, तेव्हा ह्यांनाही हसू आलं होतं, मी पाहिलं.

यंदा गावातून मोदीन आला. मोदीन म्हणजे आमच्याकडे मयताचं, लग्नाचं सगळं बघतो ना, तो. म्हणाला, कबरस्तानाचा बांध खचलाय, माणसं आपापल्यांना वरच्या जमिनीत नेतायत, मौलवींनी परवानगी दिलीय, तुमचंही बघा. हे लगेच म्हणाले, आणू. होडीतून आणणं सोपं, मोदीनही तेच म्हणाला. तर हे म्हणाले, होडी नको. होडीत एकदा घातलं तिला. गाडीतनंच आणायचं, ह्याच गाडीतनं. बरं, म्हटलं. गेलो. ओहोटी बघून गेलो, आणि चौकीच्या अलीकडेच गाडी बंद पडली. तसंच फुरफुर केलं आणि तशीच गप्प. माणसांनी ढकलत मागे आणली. घरी आल्यावर हे म्हणाले, मोठं माप घाल.

मग मी आले इथे, एकटी, आणि ह्याच बाकावर बसले. शेठ विचारतोय, वहिनी, जुनंच माप की मोठं? आणि मी नुसती टायरांच्या चळतीकडे बघत बसले. का सांगू? माझ्या डोक्यात भलतंच आलं. म्हटलं, मोठं घातलं आणि तरी गाडी निघाली नाही, तर पोर पाण्यात राहील. पण निघाली तर? निघाली, तर ह्या माणसाला कळेल ना, की तेव्हाही निघाली असती. इतके दिवस त्याला नुसती शंका होती. शंकेवर माणूस जगतो हो, रडत-कुढत का होईना जगतो. खात्री झाल्यावर काय करेल? शेठ म्हणाला, अहो वहिनी, टायर घेताय की घर? मी म्हटलं, मोठं घाल. म्हटलं आधी मुलगी. बापाचं मग बघू.

गेलो. सकाळची वेळ, पाणी चमकत होतं, बगळे होते, इतकं छान दिसत होतं सगळं की राग यावा. जाताना पाणी बेताचं होतं. मोदीन आणि दोन माणसं आधीच पोचली होती. खणलं—काय सांगू तुम्हाला, खणायचं कसलं, चिखल उपसायचा. इतकंसं निघालं हो. केवढी उंच मुलगी माझी, दारातून वाकून यायची, आणि इतकंसं. नव्या कापडात बांधलं, मोदीननं दुवा म्हटली. आणि ह्यांनी कुणाला हात लावू दिला नाही, स्वतः उचललं, मागच्या सीटवर बसले आणि मांडीवर घेतलं. ती लहान असताना बाजाराला न्यायचे ना, झोप आली की घ्यायचे, तसंच. मला म्हणाले, चल.

तोवर भरती लागली होती. चौकी दिसली. त्या चौकीत एक बाक आहे, पहारेकरी बसतात तो. वेनिंगला घेऊन निघालो होतो त्या दुपारी तो बाक कोरडा होता. मी विसरणार नाही, त्याच्यावर कुणीतरी छत्री ठेवली होती. आता बाक पाण्याखाली. म्हणजे पाणी त्या दिवसापेक्षा जास्त, लक्षात येतंय ना तुमच्या? त्या दिवसापेक्षा जास्त पाणी, आणि गाडी चाललीय. सरळ चाललीय, मजेत चाललीय. मी आरशात बघितलं, तर हेही त्या बाकाकडेच बघत होते. आणि भाऊ, माझा पाय उचलला गेला. नाही—उचलला गेला कसला, मी उचलला. मुद्दाम. म्हटलं पड बंद. पड गं बाई बंद, इथेच, म्हणजे ह्यांना वाटेल की मोठ्या टायरनंही झालं नसतं. गाडीचा आवाज बसत आला. घुर्र करून आता थांबणार, आता थांबणार—आणि मागून कापड सरकल्याचा आवाज झाला. नुसता तेवढाच. मला वाटलं, पोरीला पुन्हा इथेच ठेवतेय मी. दुसऱ्यांदा. आणि पाय असा दाबला, असा दाबला की पार कोरड्या रस्त्यावर आल्यावरही उचलेना. हे कुणाला सांगितलं नव्हतं मी. बहिणीलासुद्धा नाही. तुम्हाला का सांगितलं कोण जाणे. सालातिगाला जाणार ना तुम्ही? मग जा घेऊन, तिकडेच राहू दे.

हे काय म्हणाले? कोरड्यावर आल्यावर म्हणाले, निघते की. बस्स, एवढंच. निघते की. शिव्या दिल्या असत्या, रडले असते, तर मी पदर पुढे केला असता. नव्या जागी तिला ठेवलं, छान जागा आहे, वर, चिंचेखाली, पाय ओले होत नाहीत. फातिहा म्हटला, घरी आलो. आणि दुसऱ्या दिवसापासून हे सकाळी उठून गाडीपाशी जाऊन उभे. टायरवर खारट पाण्याची पांढरी रेघ राहिली होती ना, तिला बोटं लावून बघायचे. एक आणि अर्धं. मी रेघ घासून धुऊन काढली, तर खडूनं आखली त्यांनी. मी खोटं बोलले, म्हटलं, अहो त्या दिवशी पाणी छातीएवढं होतं, तुम्हाला आठवत नाही, लाटा होत्या. मोदीनलाही पढवायला गेले, तोही त्या दुपारी तिथे होता ना. तो म्हणाला, बाई, मी देवाचं काम करतो, खोटं कसं बोलू? पण ह्यांनी विचारलं तेव्हा आभाळाकडे बघून म्हणाला, कस्मुरी, पाऊस फार होता रे, मला काही दिसलं नाही. भला माणूस. हे ऐकून हसले. हसले म्हणजे, ओठ हलले.

म्हणून आज काढून टाकतेय हे टायर. पुन्हा मूळचं माप. त्यानं काय होणार, शेठही तेच म्हणाला, वहिनी, चांगले आहेत की अजून. असू देत चांगले. दारात ती गाडी अशी उंच उभी असते ना, रोज सांगत असते त्यांना. खाली बसू दे तिला जरा. ह्यांना विचारलं, काढू का? तर गाडीत येऊन बसले. आज पहिल्यांदा आले सोबत. पुढच्या सीटवर बसले, मी वळताना चाक घासलं तर म्हणाले, सावकाश घे. कितीतरी दिवसांनी मला काही शिकवलं. समोर पाठवलंय त्यांना, त्या सोतोच्या गाडीवर, म्हटलं गरम रस्सा-भात आहे, चार घास खाऊन या. खाल्लं असेल का, काय माहीत.

तुम्ही घ्या मोठे, तुमची हौस आहे, माझं ऐकून मन मोडू नका. शेठ, ऐकतोस का, ह्या भाऊंची गाडी घे ना आधी, किती वेळ बसवलंस! उठा तुम्ही, जा, बोलावतोय बघा. आणि हे बघा, आलेच हे. रुमालानं तोंड पुसतायत, म्हणजे खाल्लं वाटतं काहीतरी. त्यांच्याशी काही बोलू नका हं ह्यातलं. डोळे पुसा आधी, काय तुम्ही, एवढा मोठा माणूस.

आलात? बसा, बसा. कुठे काय, काही नाही हो. टायरांचंच चाललं होतं.